भूक कुठं अडली?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी आपल्याशी भुकेविषयी बोलणार आहे. घरात सगळं आहे, ताट वाढलेलं आहे, वाढणारं माणूस समोर बसलेलं आहे आणि तरीही जी लागत नाही, अशा भुकेविषयी.

मी मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर. कोकणातल्या एका लहानशा शहरात आमचं डायलिसिसचं केंद्र आहे. सकाळी सातला पहिली पाळी सुरू होते. कुणी एसटीनं येतं, कुणी रिक्षा करून. कुणाबरोबर मुलगा असतो, बहुतेकांबरोबर बायको. आणि जवळजवळ प्रत्येक पिशवीत एक डबा असतो. हा डबा बऱ्याचदा जसा येतो तसाच परत जातो.

एका काकूंनी एकदा तो डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. मऊ भात, त्यावर मुगाचं पातळ वरण आणि कडेला दुधीची भाजी. "बघा डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पहाटे चारला उठून केलंय. दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. घरीही हेच. पस्तीस वर्षं माझ्या हातचं जेवले आणि आता म्हणतात, चव लागत नाही." शेजारी उभे असलेले काका खाली बघत म्हणाले, "अगं, तुझ्या हाताला काय झालंय? दुसऱ्या घासालाच पोट गच्च होतं, त्याला मी काय करू?"

काकूंना वाटत होतं, नवऱ्यानं जगायची उमेदच सोडली. काकांना वाटत होतं, ही उगाच मागे लागते. मी त्या दिवशी घाईत होतो. "खायला पाहिजे हं काका," एवढं म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो. ज्याला भूक लागत नाही त्याला 'खायला पाहिजे' म्हणून सांगणं म्हणजे ज्याला झोप येत नाही त्याला 'झोपा' म्हणून सांगण्यासारखंच. पण आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य सर्रास वापरतो.

काकांची भूक गेली कुठं, हे समजून घ्यायचं तर आधी मूत्रपिंडाचं एक फारसं न सांगितलं जाणारं काम समजून घ्यायला हवं. मूत्रपिंड म्हणजे शरीराची चाळणी, हे आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ही दोन मूत्रपिंडं गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर टाकून बाकीचा परत घेतात. पण त्यांचं आणखी एक काम आहे. आपल्या शरीरात एका अवयवाकडून दुसऱ्याकडे सतत निरोप जात असतात. हे निरोप रक्तातून जातात. त्यांना आपण हार्मोन म्हणतो, मराठीत संप्रेरकं. निरोप पोचला, वाचला, की तो फाडून टाकावा लागतो. नाहीतर कालचाच निरोप आजही वाचला जाईल. अशा कितीतरी निरोपांचे कागद फाडायचं काम मूत्रपिंड करतं.

याचं एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेलं असेल. मधुमेहाचा जुना रुग्ण असतो. वर्षानुवर्षं चाळीस युनिट इन्सुलिन घेत असतो. एके दिवशी साखर कमी भरायला लागते. इन्सुलिन तीसवर येतं, मग वीसवर. घरात आनंदीआनंद होतो. एका गृहस्थांनी तर मला पेढे आणून दिले होते, "डॉक्टर, मधुमेह सुटला!" म्हणून. तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना. कारण अनेकदा त्याचा अर्थ उलटा असतो. मूत्रपिंड थकल्यामुळे टोचलेलं इन्सुलिन लवकर मोडत नाही, रक्तात रेंगाळतं आणि थोडंच जास्त काळ पुरतं. जे इन्सुलिनचं होतं, तेच भुकेच्या निरोपांचंही होतं.

आता हे भुकेचे निरोप कोणते? त्यातले दोन मुख्य. एक पोट भरल्याचा आणि एक भूक लागल्याचा.

पहिल्याची गोष्ट एका लठ्ठ उंदरापासून सुरू होते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४९ साली तिथं उंदरांच्या एका वंशात जन्मतःच खादाड, विलक्षण लठ्ठ असे उंदीर आढळले. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून पाहिलं. आणि काय आश्चर्य, लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! साध्या उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं, जे लठ्ठ उंदराकडे नव्हतं. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचं जनुक शोधलं आणि त्या द्रव्याला नाव मिळालं लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ. लेप्टिन तयार होतं आपल्या चरबीत. ते मेंदूला कळवतं, "कोठार भरलेलं आहे, आता पुरे."

हे लेप्टिन रक्तातून काढून टाकायचं बरंचसं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड निकामी झालं की ते साठतं. डायलिसिसवरच्या रुग्णांचं रक्त तपासायला शास्त्रज्ञांनी सुरुवात केली, तेव्हा तेवढीच चरबी असलेल्या निरोगी माणसापेक्षा त्यांच्यात लेप्टिन कितीतरी जास्त सापडू लागलं. म्हणजे कोठार रिकामं होत चाललंय आणि मेंदूला मात्र 'भरलेलं आहे' असा जुनाच निरोप पुन्हा पुन्हा वाचून दाखवला जातोय.

आपण विचाराल, मग डायलिसिसनं ते निघून जात नाही का? तर, फारसं नाही. युरियाच्या कणाचं वजन ६० धरलं तर लेप्टिनच्या कणाचं वजन भरतं १६ हजार. साध्या डायलिसिसची चाळणी बारीक. पीठ चाळायच्या चाळणीतून शेंगदाणे कसे पडणार? मोठ्या छिद्रांच्या नव्या चाळण्यांतून थोडं लेप्टिन जातं, पण मूत्रपिंडाची सर त्यांना नाही. आणि मूत्रपिंड चोवीस तास चालू असतं, आमचं यंत्र एका वेळेला चार तास.

अडून बसणारं लेप्टिन एकटंच नाही. स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तातून गाळून काढलेल्या द्रवातले मध्यम आकाराचे कण वेगळे केले आणि ते उंदरांच्या पोटात टोचले. उंदरांचं खाणं कमी झालं. उंदराला कुणी टोमणा मारला नव्हता, त्याची उमेद खचली नव्हती, त्याला कुणाच्या हातच्या चवीचा कंटाळाही आला नव्हता. भूक मारणारं काहीतरी खरोखरच त्या द्रवात होतं.

आता दुसरा निरोप, भूक लागल्याचा. हा सापडला १९९९ साली, जपानमध्ये. मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या शास्त्रज्ञांनी तो जठरात शोधला आणि नाव ठेवलं घ्रेलिन. पोट रिकामं झालं की जठर घ्रेलिन सोडतं आणि मेंदूला सांगतं, "पाठवा काहीतरी." जेवायच्या वेळी आपल्या पोटात जी कालवाकालव होते, तिच्यामागे हा निरोप असतो.

मग डायलिसिसच्या रुग्णात घ्रेलिन कमी असणार, असं आपल्याला वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसं वाटण्यासारखं होतं. प्रत्यक्षात मोजलं तर ते कमी नव्हतं, उलट दुपटीहून जास्त निघालं! मला या साऱ्या विषयातला हा भाग फार विलक्षण वाटतो. भुकेचा निरोप ढिगानं पडलाय आणि माणसाला भूक नाही.

याचं उत्तर घ्रेलिनच्या शेपटीत आहे. घ्रेलिन म्हणजे २८ अमिनो आम्लांची एक छोटी माळ. तिच्या तिसऱ्या मण्याला स्निग्ध पदार्थाची एक शेपटी चिकटवलेली असते. ही शेपटी असेल तरच मेंदूतलं भुकेचं कुलूप उघडतं. शेपटी गळाली की ती दात झिजलेली किल्ली. कुलपात जाते, पण फिरत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात जे घ्रेलिन साचतं, ते बहुतांश हे बिनशेपटीचं. किल्ल्यांचा जुडगा मोठा दिसतो, पण उपयोगाच्या त्यात थोड्याच. काही प्राण्यांत तर बिनशेपटीचं घ्रेलिन भूक मारतं असंही दिसलंय. माणसात तसंच होतं का, याचा निकाल अजून लागलेला नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन इथल्या संशोधकांनी २००५ साली या गुंत्याचा एक धागा सोडवला. उंदरांच्या मूत्रपिंडांचा बराचसा भाग काढला, तेव्हा ते उंदीर कमी खाऊ लागले आणि खंगले. पण ज्या उंदरांच्या मेंदूला जन्मतःच लेप्टिनचा निरोप वाचता येत नव्हता, ते तसे खंगले नाहीत. त्याच वर्षी लंडनमध्ये नऊ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. पोटाच्या डायलिसिसवर असलेले, अन्न कमी पडून कृश झालेले हे रुग्ण. त्यांना घ्रेलिनचं इंजेक्शन दिलं, तर त्या जेवणाला ते एरवीपेक्षा जास्त जेवले. २००९ साली आठवडाभर रोज इंजेक्शन देऊन पाहिलं, तेव्हाही परिणाम टिकला. म्हणजे कुलूप गंजलेलं नाही, दात असलेली किल्ली मिळाली तर ते फिरतं. घ्रेलिनसारखं काम करणारी एक गोळी २०२१ साली जपाननं मंजूर केली, पण ती कर्करोगानं खंगणाऱ्यांसाठी. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मी लिहून द्यावी अशी गोळी आजही माझ्याकडे नाही, हे स्पष्ट सांगतो. आणि कृपा करून कुणी प्रयोगशाळेत जाऊन "आमचं लेप्टिन मोजा" म्हणू नका. त्या आकड्यावरून एकट्यादुकट्याची भूक कळत नाही. चांगली चरबी असलेल्या, चांगलं जेवणाऱ्या रुग्णातही तो आकडा मोठा येतो.

मग हे सगळं आपल्याला ऐकवलं कशासाठी, असं कुणी म्हणेल. त्या काकूंसाठी. ताटावर बसून होणारी भांडणं मी रोज ऐकतो. सून म्हणते, सासऱ्यांना माझं आवडत नाही. मुलगा म्हणतो, बाबांनी हट्ट धरलाय. आणि आजारी माणसाला आपल्याच न लागणाऱ्या भुकेची लाज वाटते, म्हणून तो आमच्यापासून ती लपवतो. विचारलं की म्हणतो, "बरं चाललंय." भूक न लागणं हे धाप लागण्यासारखं, सूज येण्यासारखं आजाराचं लक्षण आहे. धाप लागली म्हणून आपण कुणावर रागावत नाही.

आणि हे लक्षण किरकोळ नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डायलिसिसच्या तीनशेहून जास्त रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला गेला: तुमची भूक कशी आहे? सुमारे ३८ टक्के लोकांनी ती कमी झाल्याचं सांगितलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असं दिसलं की, पुढच्या काळात याच लोकांना रुग्णालयात जास्त वेळा भरती व्हावं लागलं आणि त्यांच्यातले मृत्यूही बरेच जास्त होते. डायलिसिसवर असलेला अंगानं भरलेला माणूस कृश माणसापेक्षा सरासरीनं जास्त जगतो, हेही आता जगभर दिसून आलंय. एरवी आम्ही ज्याला वजन कमी करा म्हणून बजावतो, तोच इथं जरा सुरक्षित असतो.

वजनाबाबत घरचे लोक हमखास फसतात. काकू म्हणाल्या होत्या, "वजन तर तेवढंच आहे की." ते तेवढंच होतं, कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्यानं घेतली होती. काट्यावर दोन्ही सारखेच. घरच्या घरी बघायचं असेल तर हाताकडे बघा. पायावर सूज आणि मनगटावरचं घड्याळ मात्र सैल होऊन गोल फिरतंय, असं दिसलं की समजावं, माणूस आतून वाळतोय.

भुकेवर गोळी नाही म्हटलं, पण ती अडवणाऱ्या बाकीच्या गोष्टींवर उपाय आहेत आणि ते आम्हाला शोधता येतात. रुग्णाच्या लाळेत युरिया उतरतो, तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात, म्हणून तोंडाला धातूसारखी चव येते आणि माशामटणाचा वास नकोसा होतो. डायलिसिस पुरेसं झालं की हे कमी होतं. आपल्याकडे तिथंच घोडं पेंड खातं. आठवड्यातून तीनदा सांगितलेलं डायलिसिस दोनदाच होतं. २०१६ नंतर सरकारी योजनांमुळे डायलिसिसचा खर्च अनेकांना पेलवू लागला, पण येण्याजाण्याची ओढाताण आणि सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी अनेकांना परवडत नाही. रक्तातलं आम्ल वाढलं तरी भूक जाते, त्यावर सोड्याच्या साध्या गोळ्या असतात. बद्धकोष्ठ, किडलेले दात, मानेतल्या नळीचा जंतुसंसर्ग, पोटात जळजळ करणाऱ्या गोळ्या, मनाची उदासी, यातलं काहीही असू शकतं. आणि दिवसाला पेलाभर का होईना लघवी होत असेल तर ती जपा. तेवढं उरलेलं मूत्रपिंड ते मोठे कण यंत्रापेक्षा चांगले काढतं. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या की हे उरलंसुरलं मूत्रपिंडही जातं.

आता त्या काकूंकडे परत येतो. पुढच्या खेपेला मी वेळ काढून दोघांना बसवलं आणि आत्ता आपल्याला सांगितलं ते जमेल तसं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे माझ्या मनाचं नाही हे." काकू काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, "रोज काय काय करता जेवायला?" त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदाप्रमाणेच." "कुठला कागद?" त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेला असे, येताना काढून आणला होता. हळदीचे डाग पडलेले. अक्षर माझंच. 'डाळ अर्धी वाटी. अंडं बंद. मासे बंद. मटण बंद.'

लिहिला तेव्हा तो कागद बरोबर होता. मूत्रपिंड अधू असतं पण डायलिसिस सुरू झालेलं नसतं, तेव्हा प्रथिनं बेतानं खायची असतात. पण डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं. प्रत्येक डायलिसिसमध्ये सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं यंत्रातून निघून जातात. मग वजनाच्या दर किलोला दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, शिजलेल्या डाळीच्या वाटीतही जेमतेम तेवढीच. काकांचं डायलिसिस सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिने तो कागद भिंतीवर तसाच होता. तो उतरवा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. ज्या माणसाला मुळात दोनच घास जातात, त्याचे ते दोन घासही मी भातपाण्याचे करून ठेवले होते.

तो कागद मी ठेवून घेतला आणि दुसरा लिहून दिला. रोज दोन अंडी, हवं तर नुसतं पांढरं जास्त. आठवड्यातून तीन-चारदा मासा, ताजा. सुकट आणि सुके बोंबील मात्र नाहीत, त्यात मीठ फार. पापड-लोणचं, शहाळं, केळं यांवरची बंदी कायम. भाजी चिरून, उकळून, पाणी टाकून, मगच फोडणीला. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. डायलिसिस नसेल त्या दिवशी जरा जास्त, कारण त्या दिवशी खाणं जातं. यंत्रावर असताना काकांचा रक्तदाब घसरत नाही, म्हणून दुसऱ्या तासाला एक उकडलेलं अंडं. हा काकांपुरता कागद आहे, श्रोतेहो. आपल्या घरातल्या रुग्णाचा कागद त्याच्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून करून घ्या. आणि डायलिसिस सुरू झालं असेल तर आधी भिंतीवरच्या जुन्या कागदाची तारीख बघा.

काकूंनी मला विचारलं, "बांगडा चालेल?" चालेल म्हटल्यावर त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत?" काकांनी मान हलवली, पण पहिले पंधरा दिवस त्यांना त्याचा वासही सोसला नाही. आम्ही डायलिसिस आठवड्याला तीनदा केलं, सोड्याच्या गोळ्या सुरू केल्या, एक दात काढून घेतला. तीन महिन्यांनी पाणी काढून टाकल्यानंतरचं त्यांचं वजन दीड किलोनं वाढलं होतं. फार नाही, पण ते पाणी नव्हतं.

डायलिसिसच्या आमच्या कागदावर रुग्णाचं वजन, रक्तदाब आणि ताप यांचे रकाने छापलेले असतात. त्यांच्या खाली आता आमच्या सिस्टर पेननं एक ओळ वाढवतात. काकांचा डबा अजूनही अधूनमधून परत जातो. काकू झाकण उघडून सिस्टरला दाखवतात, आणि त्या लिहून ठेवतात: भूक बरी, अर्धा डबा, अंडं खाल्लं.